पाच कोरी पुस्तकं

शाळेच्या बाई मिठागरावर आल्या तेव्हा म्हातारा वाफ्यात होता. बांधावरून छत्री हलत येताना दिसली तसा तो हातातली फळी टाकून पळाला आणि झोपडीपुढची खाट झटकायला लागला. खाटेवर झटकण्यासारखं काही नव्हतं. जो काय चिखल होता तो त्याच्याच पायांनी येताना आणला.

मिठागराचा बांध हातभर रुंद. दोन्ही अंगांना वाफे, वाफ्यांत घोटाभर खारं पाणी, आणि त्यावर असं ऊन की नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढं अंधारीच यावी. बाई तोल सांभाळत, खांद्यावरचं ओझं सावरत आल्या. कोपऱ्यावरच्या उंचवट्यावर सात झोपड्या होत्या, त्यातली म्हाताऱ्याची पहिली.

"बसा बाई."

"बसत नाही आजोबा, अजून सहा घरं आहेत. तुमची टिटवी कुठंय?"

टिटवी म्हणजे म्हाताऱ्याची नात. सात वर्षांची. पहाटेपासून तिचं तोंड जे सुरू व्हायचं ते झोपेत बंद पडायचं, म्हणून सगळ्या मिठागरानं तिला हे नाव ठेवलं होतं. ती आईच्या मागं उभी होती आणि, नवल म्हणजे, गप्प होती.

बाईंनी तिच्या हातात कापडी पिशवी दिली. आत पाच पुस्तकं. पातळ, चित्रांची, एकदम नवी.

"हिला आता कुठं वाचता यायला लागलंय," बाई म्हणाल्या. "अजून पक्कं नाही. सुट्टीत रोज एक पान वाचून घ्या. रोज. नाहीतर सगळं पुसून जाईल. मागच्या वर्षी इथल्याच तिघांना मला परत पहिलीत बसवावं लागलं. सुट्टी संपली की पुस्तकं घेऊन या, मी वाचून घेईन." आणि जाता जाता म्हणाल्या, "जरा जपा हं. शाळेला एवढीच मिळालीत."

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. वाचून घ्या, आणि जपा. माणसाला दोन कामं सांगितली की जे जमतं तेच तो उचलतो. वाचून घेणं म्हाताऱ्याच्या बापजन्मी कुणाला जमलेलं नव्हतं. जपणं मात्र त्याला येत होतं. त्यानं पिशवी नातीच्या हातातून काढून घेतली, झोपडीतल्या पत्र्याच्या पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवली, आणि पेटीला कुलूप घातलं.

तो कागदाला भ्यायचा, आणि त्यालाही कारण होतं. मिठागराच्या कचेरीत हजेरीवर अंगठा उठवायला गेला असताना एकदा त्याचा ओला हात वहीच्या पानावर टेकला. मिठाचा हात तो. मीठ कागदात शिरलं की कागद वाळत नाही, हवेतली ओल ओढत राहतो. दुसऱ्या दिवशी त्या पानावरची सगळी शाई पसरली होती. मुकादमानं चाळीस माणसांसमोर ते पान त्याच्या नाकापुढं धरलं आणि विचारलं, "हे काय आहे? हात आहेत का खूर आहेत?" चाळीसच्या चाळीस माणसं हसली. त्यात त्याचा मुलगाही होता. तेव्हापासून म्हातारा कचेरीच्या दाराबाहेर उभा राहतो, मुकादम आधी त्याचा हात फडक्यानं पुसून घेतो, आणि मगच वही पुढं करतो. बाकी कुणाचा पुसत नाही. बारा वर्षं झाली.

तर अशा माणसाच्या घरात पाच नवी पुस्तकं आली.

सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी मुलाच्या पायात शिंपला घुसला. वाफ्यात फळी ओढताना टाच कापली, चांगली दोन बोटं. दुसरीकडं असती तर जखम आठ दिवसांत भरली असती. इथं ती रोज खाऱ्या पाण्यात उघडायची. पाय घोट्यापर्यंत सुजला, आणि ऐन भरात आलेले घरच्या वाट्याचे वाफे दोन माणसांवर पडले. एक म्हातारा, दुसरी सून. शेंबडं दोन वर्षांचं पोर खाटेच्या पायाला बांधलेलं.

उन्हाळा म्हणजे मिठाचे दिवस. पहाटे फटफटायच्या आत वाफ्यात उतरायचं, रात्रीतून धरलेली मिठाची साय फळीनं ओढून बांधाकडेला आणायची, निथळायला ठेवायची. उन्हं वर आली की झोपडीत. दुपार टळली की निथळलेलं मीठ पाटीनं वाहून राशीवर टाकायचं. ढग यायच्या आत सगळ्या राशी झाकून, उचलून, मोकळं व्हायचं. एक पाऊस राशीवर पडला की चार महिन्यांचं काम वाहून जातं, आणि मुकादम ढगाला नाही, माणसालाच शिव्या देतो.

दोन माणसांना ते रेटेना. मग टिटवीच्या डोक्यावरही लहान पाटी आली. कुणी तिला सांगितलं नाही. एक दिवस ती आईच्या मागून पाटी घेऊन चालायला लागली, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

रात्री जेवताना सुनेनं विषय काढला. ही बाई बोलायची कमी, पण धरलेलं सोडायची नाही.

"मामंजी, बाईंनी रोज एक पान सांगितलंय. आज पाचवा दिवस."

"वाचेल की. पुस्तकं कुठं पळून चाललीत?"

"काढून द्या ना मग."

"हात बघ तिचे."

सुनेनं हात बघितले. सगळ्यांचेच हात तसे होते. बोटांच्या पेरांत चिरा, चिरांत पांढरं मीठ.

"धुवून घेईल."

"कशानं?"

घोडं तिथंच अडलं. गोडं पाणी टँकरनं यायचं, चार दिवसांनी, घरटी दोन हंडे. यंदा सहा सहा दिवस येत नव्हता. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, अंग खाऱ्या पाण्यात धुवायचं, गोडं फक्त पोटात. खाऱ्या पाण्यानं हात धुतला तर तो मिठाचाच राहतो.

"टँकर येऊ दे," म्हातारा म्हणाला. "मग वाचेल."

सुजलेला पाय उशीवर टाकून पडलेला मुलगा म्हणाला, "एक ऐकून ठेवा सगळे. परत पहिलीत बसवली तर मी शाळेत पाठवणार नाही. तासभर बांध तुडवत जायचं आणि गेल्या वर्षीचंच गिरवायचं? त्यापेक्षा इथं चार पाट्या उचलेल."

"नाही बसवणार," म्हातारा म्हणाला. "तिला येतंय. शिकलेलं कुठं जातं रे? मी फळी धरायला तुझ्या आजाकडून शिकलो. मधे तीन वर्षं आजारी होतो, विसरलो का? पोहायला शिकलेला माणूस बुडतो का?"

सून पोराच्या तोंडात घास भरत होती. ती म्हणाली, "पुसून जाईल म्हणाल्या बाई."

"बाई वाफ्यात उतरल्यात का कधी?"

सुनेनं पोराला पुढचा घास भरवला.

टँकर आठव्या दिवशी आला. म्हाताऱ्यानं शब्द पाळला. त्यानं पेला भरून पाणी घेतलं, अर्धं स्वतःच्या हातावर घातलं, अर्धं नातीच्या. हात फडक्यानं नाही, उन्हात धरून वाळवले, कारण फडक्यातही मीठ असतं. मग पेटी उघडली, वरचं पुस्तक काढलं, खाटेवर स्वच्छ धोतर पसरून त्यावर ठेवलं. "तू हात लावू नको. मी पान धरतो. तू वाच."

टिटवीनं वाचलं. एकेका अक्षरावर थांबत, ओठांनी आधी चाचपून बघत. बैल होता. बैलाला भूक लागली. बैल निघाला. एवढ्यासाठी तिला घाम फुटला. पण ती जे वाचत होती ते चित्रात खरंच होतं. बैल होता आणि तो निघाला होता. म्हाताऱ्याला असा आनंद झाला की त्याला तो लपवता येईना. आपल्या रक्तामासाचं पोर कागदाकडं बघून बोलतंय, आणि कागद तिला सांगतोय. त्यानं सुनेला हाक मारली, मुलाला हाक मारली, शेजारच्या झोपडीतल्या बहिऱ्याला हाक मारली. तो बहिराच होता, आला नाही.

"उलट ना आबा," टिटवी म्हणाली.

त्यानं पान उलटलं. पानाच्या कोपऱ्यावर, जिथं त्यानं धरलं होतं, तिथं एक डाग होता. वाटाण्याएवढा. ओला.

हात तर धुतले होते. मग कुठून आलं? चिरांतून. आत मुरलेलं मीठ अर्ध्या पेल्यानं थोडंच जातं?

"झालं," तो म्हणाला. "आजच्यापुरतं झालं."

"अजून एकच पान वाचलंय."

"एकच सांगितलंय बाईंनी."

"बैल कुठं गेला ते तरी?"

"बैल येईल परत घरी. उठ."

टिटवीनं पुस्तकाकडं बोट नेलं, आणि म्हाताऱ्यानं तिच्या हातावर चापट मारली. जोरात नव्हे. पण त्यानं तिला आजवर मारलं नव्हतं. पोरगी रडली नाही, फक्त हात मागं घेऊन पाठीशी धरला. म्हाताऱ्यानं डागावर कोरडी राख टाकली, फुंकली, परत टाकली, पुस्तक दोन दिवस उन्हात वाळवलं आणि पेटीत ठेवलं. त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत पेटी उघडली ती फक्त पुस्तकं वाळवीनं खाल्ली नाहीत ना, हे बघायला. तळहाताच्या फोडासारखी जपली म्हणतात तशी जपली. या घरात तळहातांवर खरेखुरे फोड होते. त्यांना कुणी जपलं नाही.

पहिले काही दिवस टिटवी दिसेल ते वाचायची. पोत्यांवरचं वाचायची, टँकरच्या पाठीवरचं वाचायची, औषधाच्या डबीवरचं वाचायची. आई तिला मुद्दाम विचारायची, "यावर काय लिहिलंय गं?" तिनं सांगितलेलं खरं की खोटं हे आईला कळायचं नाही, पण ती विचारायची. मग ऊन चढलं. वाफे लवकर मीठ धरायला लागले, पाट्या वाढल्या. दुपारी झोपडीत आलं की पोरगी मेल्यासारखी पडायची. डोळे लाल. मिठावरचं ऊन डोळ्यांत गेलेलं. आईनं एकदा पोतं पुढं धरून विचारलं, तर ती म्हणाली, "मीठ. दुसरं काय असणार?"

तिनं पोत्याकडं बघितलंच नव्हतं. सुनेच्या ते लक्षात आलं. तिनं सासऱ्याला सांगितलं.

"थकलीय," म्हातारा म्हणाला. "शाळा सुरू झाली की येईल सगळं."

ढग आले, पण रिकामे. राशी वेळेत झाकून झाल्या, पण शेवटच्या वाफ्यांचं मीठ उचलायचं अजून बाकी होतं. मुलगा काठी टेकत चालायला लागला. आणि शाळा उघडायच्या दिवशी म्हातारा नातीला घेऊन निघाला. पिशवी त्यानं धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. तासभराच्या वाटेत त्यानं ती एकदाही दुसऱ्या हातात घेतली नाही.

शाळेच्या ओट्यावर मिठागरावरची सगळी घरं जमली होती. बाई एकेकाची पिशवी उघडत होत्या. आणि काय ती पुस्तकं! एकाची पानं सुटलेली. एकावर कालवण सांडलेलं. बहिऱ्याच्या नातवाच्या पुस्तकाचा कोपरा शेळीनं खाल्लेला, आणि उरलेलं मिठानं फुगून दुप्पट जाड झालेलं. म्हातारा बाजूला उभा राहून ते बघत होता. लाज वाटायला पाहिजे यांना, असं त्याच्या मनात आलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तो मान वर करून रांगेत उभा होता.

त्याची पाळी आली. बाईंनी टॉवेल सोडला, पाचही पुस्तकं काढली. कोरी. पानं अजून एकमेकांना चिकटलेली, नव्या पुस्तकाची असतात तशी.

"बघून घ्या बाई," म्हातारा म्हणाला. "एका पानावर जरासा डाग आहे. तो माझा. बाकी जशी दिली तशी."

बाईंनी वरचं पुस्तक उघडून टिटवीपुढं धरलं. बैलाचंच होतं.

टिटवीनं पानाकडं बघितलं. ओठ हलले. पहिलं अक्षर आलं. दुसऱ्यावर ती थांबली. बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "बैल होता."

"चित्र बघू नकोस बाळ. अक्षर बघ. हे काय आहे?"

टिटवी गप्प. बाईंनी दुसरं पान उघडलं, ज्यावर नुसती अक्षरं होती. दिवसभर जिचं तोंड मिटत नाही त्या पोरीच्या तोंडातून शब्द फुटेना. बाईंच्या मागं बहिऱ्याचा नातू, तो फुगलेल्या पुस्तकाचा, हळूच पुटपुटला. त्याला ते येत होतं. लांबून, उलट्या बाजूनं येत होतं.

"आजोबा, रोज एक पान वाचून घेतलं नाही का?"

"जपली बाई," म्हातारा म्हणाला. "तुम्ही जपा म्हणालात. जपली."

बाईंनी पुस्तक मिटलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर म्हाताऱ्याला सोसलं असतं, त्याची सवय होती. त्या म्हणाल्या, "हो, म्हणाले होते मी. तेही म्हणाले होते." मग पुस्तकं परत पिशवीत भरत म्हणाल्या, "नियमानं मला हिला पहिलीत बसवायला पाहिजे. मी पंधरा दिवस थांबते. पुस्तकं परत न्या. खराब झाली तरी चालतील. खराबच करून आणा."

परतताना म्हातारा अर्ध्या वाटेत बांधावर बसला. नातीला जवळ बसवलं, पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं. "वाच. घे हातात. काही होत नाही."

टिटवीनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"अगं घे. मी सांगतोय ना."

"हात धुतलेले नाहीत," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं तिचा हात धरून पुढं आणला, पानावर ठेवला. तिनं बोटं अशी आवळून घेतली की पानाला फक्त मूठ लागली. ती पानाकडं बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडं बघत होती. त्यानं हात सोडला. म्हाताऱ्याला त्या क्षणी कळलं की मुकादम बारा वर्षं आपल्याला जे करत आला, तेच आपण या सात वर्षांच्या पोरीला एका दुपारी करून ठेवलं. आणि तेही मायेनं.

घरी त्यानं काही लपवलं नाही. मुलगा ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "संपलं मग. मी सांगितलं होतं. उद्यापासून आईबरोबर वाफ्यात."

"पंधरा दिवस दिलेत बाईंनी."

"पंधरा दिवसांत काय उजेड पडणार? दोन महिन्यांत पडला नाही."

"दोन महिने मी पेटीला कुलूप घातलं होतं," म्हातारा म्हणाला. "पोरीनं नव्हतं घातलं. माझ्या चुकीची शिक्षा तिला कशाला देतोस?"

"शिक्षा कसली आबा? आपण सगळे काय शिक्षा भोगतोय का इथं?"

उत्तर सुनेनं दिलं. ती चुलीपाशीच होती, वळलीही नाही.

"मी नाही नेणार तिला वाफ्यात," ती म्हणाली. "तिची पाटी मी उचलीन. पंधरा दिवस. नंतर तुमचं खरं."

नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं बघितलं. हाच पाय घेऊन तो दोन महिने पडून होता, आणि त्याची पाटी कुणी उचलली हे त्याला ठाऊक होतं. "करा काय करायचं ते," असं म्हणून तो कुशीवर वळला.

दुसऱ्या दिवशीपासून टिटवी सकाळी शाळेत जायला लागली आणि दुपारी घरी वाचायला बसायला लागली. आई शेजारी बसायची, पोर मांडीवर. पहिल्या दिवशी म्हातारा खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसला. टिटवीनं पुस्तक उघडलं आणि आवाजच निघेना. "वाच ना," तो गोड आवाजात म्हणाला. ती पानाच्या कोपऱ्याकडं बघत बसली. तो दाराशी गेला. ती कुजबुजायला लागली, पण डोळा दाराकडं. तो बाहेर भिंतीला टेकला. भिंत म्हणजे काय, गोणपाट. आतली कुजबुज थांबली. तिला त्याचा श्वास ऐकू येत असणार.

सून बाहेर आली. तिला बोलायला जड जात होतं.

"मामंजी, वाईट वाटून घेऊ नका."

"कळलं," तो म्हणाला.

मग रोज दुपारी जेवण झालं की तो टॉवेल डोक्याला गुंडाळून बाहेर पडायचा. चार वाफे ओलांडून पलीकडं रिकामा वाफा होता, मीठ काढून झालेला, तळ भेगाळलेला. तिथं जाऊन उभा राहायचा. सावली नाही, काम नाही. तिथून झोपडी काडेपेटीएवढी दिसायची. ऐकू काहीच यायचं नाही. दारात बसलेली पोरगी आणि तिच्या मांडीवरचा एक पांढरा ठिपका, एवढं दिसायचं.

बहिरा एकदा बांधावरून ओरडला, "म्हातारबा, उन्हात काय करताय?"

"काम आहे," म्हातारा म्हणाला. बहिऱ्याला ऐकू आलं नाही. तो मान हलवत निघून गेला.

आठव्या दिवशी टिटवी घरभर पुस्तक घेऊन फिरायला लागली. पुस्तक फुगलं, एक पान फाटलं, दोन वर्षांच्या पोरानं एक चावलं. पंधराव्या दिवशी सून तिला घेऊन शाळेत गेली. म्हाताऱ्यानं तिच्याबरोबर जायचं नाव काढलं नाही. दोघी दुपारी परतल्या. टिटवी बांधावरून पळत येत होती, आणि लांबूनच तिचं तोंड सुरू होतं.

"दुसरीत," सून म्हणाली. "अडखळते अजून. पण दुसरीत. रोज वाचून घ्या म्हणाल्या, एक दिवस सोडू नका."

मुलानं "बरं" म्हटलं. एवढंच म्हटलं, पण काठी टेकत उठला आणि कोपऱ्यातली टिटवीची लहान पाटी उचलून आढ्याला टांगली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. पुसलं तर डोळ्यांत मीठ जातं.

जेवणं झाली. सगळे खुशीत होते. टिटवी शाळेतलं नवं पुस्तक घेऊन दारात बसली. आज तरी, असं म्हाताऱ्याच्या मनात आलं. तो खाटेवर जरासा रेंगाळला. मग टॉवेल डोक्याला गुंडाळून उठला आणि सावकाश निघाला. एक वाफा ओलांडला. मागून आवाज येईल म्हणून पाय हळू टाकत होता. दुसरा वाफा ओलांडला आणि त्यानं वळून बघितलं.

टिटवी पुस्तक उघडून बसली होती. वाचत नव्हती. पानावर बोट ठेवून त्याच्याकडं बघत होती, तो पुरेसा लांब जायची वाट बघत होती.

म्हातारा वळला आणि त्यानं भराभर पाय उचलले.